मोटराइज्ड डॅम्पर ॲक्च्युएटरची वायरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरकडच्या चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने, होटगी रोडकडची हॉस्पिटलं, मंगल कार्यालयांचे एसी हॉल अशा ठिकाणच्या मेंटेनन्सवाल्यांकडून आणि वायरमनकडून जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. डक्टमधल्या डॅम्परची, म्हणजे हवा अडवणाऱ्या झडपेची, पाती उघडणारी-मिटवणारी छोटी मोटर म्हणजे ॲक्च्युएटर. ती बिघडली म्हणून बदलली जाते, पण पुष्कळदा ती चांगली असते आणि दोष वायरिंगमध्ये असतो. नवीन पीस पुण्याहून मागवण्याआधी हे वाचून घ्या.

माझा ॲक्च्युएटर २४ व्होल्टचा आहे की २३० व्होल्टचा? वायरींच्या रंगावरून कळतं का?

रंगावरून ठरवू नका. सगळ्यात जास्त पीस याच चुकीने जळतात. या मालाचे रंग बहुतेक युरोपातल्या पद्धतीने येतात. बेलिमो कंपनीच्या नेहमीच्या २४ व्होल्ट मॉडेलला काळी वायर म्हणजे कॉमन आणि लाल म्हणजे २४ व्होल्ट. आपल्याकडे लाल-काळी दिसली की हात आपोआप फेज-न्यूट्रलकडे जातो. "अण्णा, लाल-काळी तर आहे, दे फेज" असं कुणीतरी म्हणतो, एमसीबी उचलतो, आणि आतला बोर्ड गेलेला असतो.

२३० व्होल्टच्या मॉडेलची गंमत वेगळी. त्यात तपकिरी म्हणजे फेज आणि निळी म्हणजे न्यूट्रल. आपल्या थ्री फेज पॅनेलात निळी म्हणजे बी फेज. तेव्हा पॅनेलातली निळी आणि ॲक्च्युएटरची निळी 'जुळली' म्हणून जोडू नका.

बाजूच्या लेबलवर व्होल्टेज छापलेलं असतं. मॉडेल नंबरातही ते दिसतं: एलएम२४ए म्हणजे २४, एलएम२३०ए म्हणजे २३०. लेबल पुसलं असेल, तर पुरवठा कुठून येतो तो माग पॅनेलपर्यंत काढा आणि मल्टिमीटरने मोजा. खात्री होईपर्यंत २३० लावायचं नाही. २४ व्होल्टवर २३०चा ॲक्च्युएटर नुसता गप्प बसतो, उलटं केलं तर जळतो.

काहींना दोन वायरी, काहींना तीन, काहींना चार-पाच. फरक काय?

दोन वायरीवाला बहुधा स्प्रिंग रिटर्न. पुरवठा दिला की मोटर पाती एका बाजूला नेते आणि स्प्रिंग ताणली जाते, पुरवठा गेला की स्प्रिंग पाती परत आणते.

तीन वायरीवाला ऑन-ऑफ किंवा फ्लोटिंग. फ्लोटिंगमध्ये एक कॉमन, एक 'उघड' आणि एक 'मीट'. दोन्ही बंद असतील तर पाती आहेत तिथेच थांबतात. यातल्या बऱ्याच मॉडेलना एकाच स्विचवरही चालवता येतं: १ आणि २ नंबरवर कायम पुरवठा, आणि ३ नंबरला पुरवठा मिळतो की नाही यावर दिशा ठरते.

चार वायरी असल्या तर मॉड्युलेटिंग, म्हणजे पाती टक्केवारीत उघडणारा: कॉमन, पुरवठा, सिग्नल आणि परतीचा सिग्नल. बेलिमोत अनुक्रमे काळी, लाल, पांढरी, नारिंगी. परतीची नारिंगी वापरायची नसेल तर ती इन्सुलेट करून ठेवा, कापून टाकू नका. पुढे बीएमएस (इमारतीची केंद्रीय नियंत्रण यंत्रणा) आलं की तीच शोधाल. याशिवाय वेगळ्या केबलमध्ये तीन वायरी निघाल्या, तर त्या ऑक्झिलरी स्विचच्या, म्हणजे पाती कुठे आहेत ते कळवणाऱ्या स्विचच्या.

पुरवठा बंद केला तरी डॅम्पर मिटत नाही. ॲक्च्युएटर गेला का?

स्प्रिंग नसलेला असेल तर तो मिटणारच नाही. वीज गेली की तो जागच्या जागी थांबतो, तसंच त्याचं काम आहे. मिटवायला त्याला वीज आणि 'मीट'चा आदेश दोन्ही लागतात. वीज गेल्यावर फ्रेश एअर डॅम्पर मिटलाच पाहिजे अशी गरज असेल, तर स्प्रिंग रिटर्न किंवा आत कपॅसिटर असलेलं मॉडेल घ्यायला हवं होतं. वायरिंग बदलून ते होणार नाही.

ट्रान्सफॉर्मर किती व्हीएचा (व्होल्ट-अँपियरचा) लावू?

ॲक्च्युएटरच्या माहितीपत्रकात वॅट आणि व्हीए असे दोन आकडे असतात. वायर आणि ट्रान्सफॉर्मरसाठी व्हीएचा आकडा घ्यायचा. एलएम२४एसारख्या ५ न्यूटन मीटर टॉर्कवाल्याला (टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर) चालताना १ वॅट लागतो, पण हिशेब २ व्हीएने करायचा. स्प्रिंग रिटर्नना जास्त लागतं, ४ न्यूटन मीटरच्या एलएफ२४ला ७ व्हीए. सगळ्यांची बेरीज करा आणि वर २५ टक्के ठेवा. वीज परत आल्यावर सगळे स्प्रिंगवाले एकदम ताणायला सुरुवात करतात, तेव्हाच ट्रान्सफॉर्मरची परीक्षा होते. प्रायमरीला आणि सेकंडरीला स्वतंत्र फ्यूज किंवा एमसीबी द्या.

आणखी एक. लोड नसताना २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर २६-२७ दाखवतो, त्यात काही चूक नाही. पण रात्री लूम बंद असताना लाइनचं व्होल्टेज चढलं, तर सेकंडरीही चढते. २४ व्होल्ट एसीच्या मॉडेलना साधारण २० टक्के वर-खाली चालतं, म्हणजे १९.२ ते २८.८. मोजमाप भर दुपारी एकदा आणि रात्री एकदा घ्या.

पॅनेलजवळचे ॲक्च्युएटर चालतात, शेवटचे दोन अर्ध्यात थांबतात. का?

व्होल्टेज ड्रॉप. हिशेब करून बघू, कारण '२४ व्होल्टला काय, बारीक वायर चालते' हा समज फार पसरला आहे.

समजा १० स्प्रिंग रिटर्न, प्रत्येकी ७ व्हीए. एकूण ७० व्हीए, म्हणजे २४ व्होल्टवर जवळजवळ २.९ अँपियर. अंतर ६० मीटर, वायर १ चौरस मिमी. १ चौरस मिमी तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे १८ ओहम. जाण्या-येण्याचे १२० मीटर धरले तर २.१७ ओहम. त्यावर ड्रॉप पडला ६.३ व्होल्ट. शेवटच्याला उरले १७.७, आणि त्याला किमान १९.२ हवेत. तो अर्ध्यात थांबणार नाही तर काय करणार?

तीच वायर २.५ चौरस मिमीची घेतली तर ड्रॉप २.६ व्होल्टवर येतो आणि सगळे चालतात. शिवाय १८ ओहम हा आकडा २० अंश तापमानाचा आहे. मे महिन्यात सोलापुरात पत्र्याखालच्या ट्रेमधली केबल ४५ अंशांच्या वर सहज जाते, आणि तेवढ्याने रोध दहा टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे हिवाळ्यात पास झालेलं काम उन्हाळ्यात तक्रार देतं.

जाड केबल ओढणं परवडत नसेल तर दुसरा उपाय: ट्रान्सफॉर्मरच ॲक्च्युएटरांच्या जवळ न्या. २३० व्होल्टवर तेवढ्याच व्हीएला करंट जवळजवळ दहावा भागच असतो.

व्होल्टेज नेहमी शेवटच्या ॲक्च्युएटरच्या टर्मिनलवर, सगळे एकाच वेळी फिरत असताना मोजा. पॅनेलात २४ दिसतात, यावरून काहीच ठरत नाही.

एसी पुरवठ्यात कॉमन कुठली आणि पुरवठा कुठला, याने काय फरक पडतो? एसी तर एसीच.

ट्रान्सफॉर्मरवर एकटा ऑन-ऑफ ॲक्च्युएटर असेल तर फारसा नाही. मॉड्युलेटिंगमध्ये मात्र पडतो. तिथे सिग्नलची कॉमन आणि पुरवठ्याची कॉमन एकच असते. समजा ट्रान्सफॉर्मरचं एक टोक क, दुसरं ख. कंट्रोलरची कॉमन क ला लावली. एका ॲक्च्युएटरवर वायरी उलट्या लागल्या आणि त्याची कॉमन ख वर गेली. आता सिग्नलची कॉमन वायर क आणि ख ला थेट जोडते. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी शॉर्ट. नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडतो, नसेल तर कंट्रोलरचं आउटपुट जातं, आणि ते ॲक्च्युएटरपेक्षा महाग पडतं.

म्हणून सगळ्यांच्या कॉमन एकाच टोकाला. फेरूलवर नंबर घाला आणि रंग ठरवून टाका. कंट्रोलरच्या माहितीपत्रकात 'हाफ वेव्ह' आणि 'फुल वेव्ह' (उपकरण आत एसीचं डीसी कसं करतं, त्याचे दोन प्रकार) हे शब्द शोधा. दोन प्रकारची उपकरणं एकाच ट्रान्सफॉर्मरवर घालायची नसतात, फुल वेव्हवाल्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर द्या.

कंट्रोलर ५० टक्के दाखवतो, डॅम्पर जास्त किंवा कमी उघडतो.

रेंज जुळत नाही. बाजारातले बरेच ॲक्च्युएटर २ ते १० व्होल्टवर चालतात, आणि कंट्रोलरला ० ते १० सेट केलेलं असतं. २-१०वाल्याला अर्धं उघडायला ६ व्होल्ट लागतात. ०-१०चा कंट्रोलर ५० टक्क्यांना ५ व्होल्ट देतो, म्हणजे ॲक्च्युएटर ३७-३८ टक्क्यांवर थांबतो. आणि २ व्होल्टपर्यंत तर तो हलतच नाही, मग 'सुरुवातीला अडकतो' अशी तक्रार येते. कंट्रोलरमध्ये आउटपुटची रेंज बदला, काम झालं.

कंट्रोलर ४-२० मिलिअँपियर देत असेल, तर सिग्नल आणि कॉमनच्या मध्ये ५०० ओहमचा रेझिस्टर टाका. ४ मिलिअँपियरला २ व्होल्ट, २० ला १० व्होल्ट. अर्धा वॅटचा घ्या. ५०० चा मिळाला नाही तर १ किलोओहमचे दोन पॅरललमध्ये. एकाच सिग्नलवर चार ॲक्च्युएटर असले तरी रेझिस्टर एकच. प्रत्येकावर एकेक लावला की करंट वाटला जातो आणि कुणीच धड उघडत नाही.

एका ०-१० सिग्नलवर किती ॲक्च्युएटर चालतील?

सिग्नल इनपुटचा रोध साधारण १०० किलोओहम असतो, म्हणजे १० व्होल्टला प्रत्येकी ०.१ मिलिअँपियर. कंट्रोलरचं आउटपुट किती मिलिअँपियर देतं ते पत्रकात बघून भागाकार करा, आणि आलेल्या उत्तराच्या अर्ध्यावर थांबा. मात्र दोन ॲक्च्युएटर एकाच शाफ्टवर बसवायचे असतील, तर त्या मॉडेलला ते चालतं का हे आधी बघा. दोघं एकमेकांशी झुंजत बसले की गिअर जातात.

ॲक्च्युएटर सारखा थरथरतो, पुढे-मागे करत राहतो.

बघायच्या गोष्टी दोन. पहिली, सिग्नलची केबल मोटरच्या किंवा ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) केबलसोबत एकाच कंड्युटमध्ये आहे का? पंख्यांना ड्राइव्ह बसल्यापासून ही तक्रार वाढली आहे. सिग्नलला शील्डेड केबल घ्या, पॉवरपासून वेगळा मार्ग द्या, आणि शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ करा. दोन्ही टोकांना अर्थ केली की शील्डमधूनच करंट फिरायला लागतो. दुसरी, कंट्रोलरची सेटिंग फार चपळ आहे का? सेन्सर थोडा हलला की तो डॅम्पर हलवतो. आधी सिग्नल मल्टिमीटरवर बघा. सिग्नलच नाचत असेल तर ॲक्च्युएटरला दोष देऊ नका.

पंखा आणि डॅम्पर यांचं इंटरलॉक खरंच लागतं का? टाइमर लावलाय.

लागतं, आणि टाइमरने भागत नाही. टाइमरला फक्त वेळ कळतो, डॅम्पर उघडला की नाही ते कळत नाही. पाती अडकली, शाफ्टवरचा क्लॅम्प ढिला पडला किंवा कुणीतरी मॅन्युअलचं बटण दाबून हाताने मिटवून ठेवलं, तरी टाइमर वेळ संपली की पंखा चालू करणारच. मोठा पंखा मिटलेल्या डॅम्परवर ओढायला लागला की डक्टचा पत्रा आत बसतो. ढकलणाऱ्या बाजूला असेल तर जोड फुटतात.

पद्धत अशी. पंखा चालू करायचा आदेश आधी डॅम्परला जातो. डॅम्पर पूर्ण उघडला की ऑक्झिलरी स्विचचा संपर्क जुळतो. तो संपर्क एका रिलेला जातो आणि रिलेचा कॉन्टॅक्ट स्टार्टरच्या कॉइलच्या किंवा ड्राइव्हच्या 'रन' इनपुटच्या मालिकेत. मधला रिले वाचवू नका. ऑक्झिलरी स्विच रेझिस्टिव्ह लोडला ३ अँपियरचा दिसत असला, तरी कॉइलसारख्या इंडक्टिव्ह लोडला अनेक मॉडेलमध्ये फक्त ०.५ अँपियर चालतो. मोठ्या कॉन्टॅक्टरची कॉइल खेचताना याहून जास्त घेते आणि स्विचचे पॉइंट चिकटतात. चिकटलेला स्विच कायम 'उघडा आहे' असंच सांगत राहतो, म्हणजे इंटरलॉक असूनही नसल्यासारखं.

वेळेचा हिशेबही ठेवा. एलएम२४एला पूर्ण फिरायला १५० सेकंद लागतात. कंट्रोलरमध्ये 'डॅम्पर फेल' अलार्म ६० सेकंदांवर ठेवला असेल तर रोज सकाळी खोटा अलार्म येणार, आणि आठवड्याभरात कुणीतरी त्या स्विचलाच जंपर मारणार, म्हणजे वायरचा तुकडा लावून तो टाळणार. पॅनेल उघडल्यावर पहिला शोध त्या जंपरचाच घ्यावा.

ह्युमिडिफिकेशन प्लँटच्या (लूम शेडची हवा दमट ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) डॅम्परना काही वेगळं?

तिथे तीन डॅम्पर एकत्र वागतात: बाहेरची हवा, परतीची हवा, एक्झॉस्ट. बाहेरची आणि एक्झॉस्ट बरोबर उघडतात, परतीचा उलटा. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात बाहेरची हवा भरपूर घेऊन एअर वॉशरमधून थंड केलेली फायद्याची पडते. हिवाळ्यात परतीच्या हवेवर भर. तिघांनाही एकच सिग्नल देता येतो, परतीच्या ॲक्च्युएटरचा दिशा-स्विच उलटा केला की झालं. पण सुरू करण्याआधी पंखा बंद ठेवून ०, ५ आणि १० व्होल्टवर तिन्ही पाती डोळ्यांनी बघा. एकाची दिशा चुकून परतीचा आणि बाहेरचा दोन्ही मिटले, तर पंख्याला हवाच मिळत नाही.

आणि तूस. लूम शेडच्या परतीच्या हवेत कापसाचं तूस असतंच. ते ओलाव्याबरोबर पातीच्या कडांना आणि शाफ्टच्या बुशला लपेटतं, वाळल्यावर नमद्यासारखं घट्ट होतं. पाती जड होतात, ॲक्च्युएटर मध्येच थांबतो, आणि मीटरवर सगळं बरोबर दिसतं. मॅन्युअल बटण दाबून शाफ्ट हाताने फिरवून बघा. हाताला जड लागत असेल तर वायरिंगला हात लावायचं कारण नाही, ब्रश घ्या.

किती न्यूटन मीटरचा घ्यायचा?

ढोबळ नियम: डॅम्परच्या दर चौरस मीटरला ५ न्यूटन मीटर. १ चौरस मीटरला ५, २ ला १०, ४ ला २०, ८ ला ४०. रबर सील असलेला किंवा तुसाच्या जागेवरचा असेल तर एक पायरी वरचा घ्या.

गच्चीवर उघड्यावर बसवला तर चालेल?

आयपी५४ लिहिलेलं असतं म्हणून पावसाची काळजी कमी वाटते. इथे खरी अडचण उन्हाची. बहुतेक ॲक्च्युएटरची मर्यादा ५० अंश. सावलीत ४२-४३ असताना उन्हातल्या बंद पत्र्याच्या डब्यात ५० कधीच ओलांडलेले असतात. डबा करायचाच तर खालून-वरून हवा खेळेल असा, वर वेगळं छप्पर, रंग पांढरा. एसएमपीएस (२४ व्होल्ट डीसी देणारे पॉवर सप्लाय) त्याच डब्यात ठेवू नका, ५० अंशांच्या वर त्यांचीही क्षमता घटत जाते. केबल खालून आत घ्या आणि आधी एक झोल सोडा, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता खाली गळेल.

फायर डॅम्परची वायरिंग पण अशीच?

नाही, आणि इथे जुगाड अजिबात चालत नाही. फायर डॅम्परचा ॲक्च्युएटर स्प्रिंग रिटर्न असतो आणि नेहमी विजेवर उघडा धरलेला असतो. फायर अलार्म पॅनेलच्या रिलेने पुरवठा तोडला, वायर जळली किंवा ७२ अंशांचा थर्मल फ्यूज उडाला, की स्प्रिंग तो मिटवते. तेव्हा पुरवठा रिलेच्या अशा कॉन्टॅक्टमधून न्या की अलार्म आल्यावर तो तुटेल. 'अलार्म आल्यावर पुरवठा मिळेल' अशी जोडणी केली, तर आगीत वायर जळाल्यावर ती निकामी होईल. उघडा आणि मिटलेला अशा दोन्ही स्थितींचे स्विच पॅनेलला द्या, आणि अलार्मवर एएचयूही (डक्टमध्ये हवा ढकलणारं मुख्य युनिट) बंद झाला पाहिजे.

धूर बाहेर काढणाऱ्या डॅम्परचं उलटं. त्याला आगीच्या वेळीच वीज लागते, म्हणून तिथे आगीत टिकणारी केबल वापरा. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ चा भाग ४ अग्निसुरक्षेचा आहे, सल्लागाराचा आराखडा त्याच्याशी ताडून घ्या.

वीज गेली की फायर डॅम्पर मिटतात आणि जनरेटर आल्यावर पुन्हा उघडायला वेळ लागतो, याचा वैताग येतो हे खरं. त्यावर उपाय कंट्रोल पुरवठ्याला छोटा यूपीएस. बाइंडिंग वायरने डॅम्पर उघडा बांधून ठेवणं हा नाही. फॉल्स सीलिंगच्या वर अशा वायरी दिसतात, आणि त्या दिसल्या त्याच दिवशी काढाव्यात.

डॅम्पर उलटा फिरतो.

ॲक्च्युएटरवर छोटा दिशा-स्विच असतो, तो बदला. स्प्रिंग रिटर्नमध्ये बहुधा अख्खा ॲक्च्युएटर उलटा करून बसवावा लागतो. पुरवठ्याच्या वायरी अदलाबदल करून दिशा बदलत नाही, तसला प्रयोग करू नका.

ॲक्च्युएटर खरंच गेलाय का, जागेवर कसं तपासू?

आधी मॅन्युअल बटण दाबून शाफ्ट मोकळा फिरतो का बघा. मग कॉमन आणि पुरवठा यांत व्होल्टेज मोजा. मग सिग्नल आणि कॉमन यांत डीसी मोजा. मीटर एसीवर ठेवून सिग्नल मोजणारेही भेटतात.

पुरवठा बरोबर आहे पण सिग्नलबद्दल शंका आहे, तर कंट्रोलरची सिग्नल वायर सोडवा आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावा: प्लस सिग्नलला, मायनस कॉमनला. २-१० चा ॲक्च्युएटर साधारण ८७ टक्क्यांपर्यंत उघडला पाहिजे. उघडला तर तो ठणठणीत आहे, कंट्रोलरकडे किंवा केबलकडे जा. बॅटरी काढल्यावर तो मिटला पाहिजे. दोन्ही झालं नाही आणि पुरवठा टर्मिनलवर नीट आहे, तर मग तो गेला.

गेलेला दुरुस्त होतो का?

गिअर आणि बोर्ड सीलबंद असतात, उघडून दुरुस्त केलेला फार टिकत नाही. फायर डॅम्परचा तर दुरुस्त करूच नये. नवीन मागवताना लेबलचा फोटो पाठवा आणि व्होल्टेज, टॉर्क, स्प्रिंग आहे की नाही, सिग्नलचा प्रकार आणि ऑक्झिलरी स्विच हे सगळं लिहून कळवा. 'मोठा, पिवळट डब्याचा' एवढ्यावर दुकानदार काहीही पाठवतो.

हे काम आमचा ऑपरेटर करू शकतो का?

२४ व्होल्टच्या बाजूला मोजमाप आणि सिग्नल तपासणं शिकलेल्या माणसाने करायला हरकत नाही. २३० व्होल्टची बाजू, पॅनेल आणि फायर सर्किट परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. आणि २४ व्होल्टच्या ॲक्च्युएटरवर काम करतानाही लक्षात ठेवा की त्याच्या ऑक्झिलरी स्विचमधून २३० व्होल्टचा कंट्रोल गेलेला असू शकतो. ॲक्च्युएटरचा पुरवठा बंद केला म्हणून त्या तीन वायरी मेल्या असं होत नाही. दोन्ही जागी आयसोलेट करा, कुलूप लावा, मग टेस्टर लावून बघा.